सरकत्या पेशीची ओढ मोजताना: जेल ओतण्यापासून नकाशापर्यंत

ट्रॅक्शन फोर्स मायक्रोस्कोपीत प्रत्यक्ष मोजली जाते ती एकच गोष्ट: पेशीखालच्या मऊ जेलमध्ये रुतवलेले चमकते मणी जागेवरून किती आणि कोणत्या दिशेला हलले. पेशीनं लावलेलं बळ त्यावरून गणितानं काढायचं असतं. म्हणजे मणी दुसऱ्या कुठल्याही कारणानं हलले, डिशला धक्का लागला, जेल फुगलं, एसीमुळे खोली गार झाली, तरी सॉफ्टवेअर त्याचंही बळच करून दाखवतं, आणि तेही छान रंगीत नकाशात. नकाशा देखणा असतो, त्यामुळे शंका कुणी घेत नाही.

खालची पद्धत पॉलिअ‍ॅक्रिलामाइड जेलवर एकट्यानं सरकणाऱ्या पेशीसाठी आहे. उदाहरणाला ३टी३ फायब्रोब्लास्ट, म्हणजे उंदराच्या जोडऊतीपासून वाढवलेल्या पेशी, धरल्या आहेत. माशाच्या खवल्यावरच्या केराटोसाइट पेशींसाठी जिथे वेगळं करावं लागतं, तिथे तसं सांगितलं आहे. सगळी कृती सपाट पृष्ठभागावरच्या आडव्या ओढीची आहे. पेशी जेलला खाली दाबते किंवा वर उचलते तो भाग यात धरलेला नाही.

## टप्पा १: पिपेट हातात घेण्याआधीचं गणित

बहुतेक जण आधी जेल करतात आणि मग मणी का हलत नाहीत म्हणून डोकं धरून बसतात. दहा मिनिटांचा हिशोब आधी करा.

समजा, पेशीच्या एका चिकटबिंदूतून २ नॅनोन्यूटन ओढ लागते. जेलचा यंग मॉड्युलस, म्हणजे त्याच्या कडकपणाचं माप, ४.५ किलोपास्कल असेल, तर त्या बिंदूपासून १ मायक्रोमीटरवरचा मणी ओढीच्या दिशेनं साधारण ०.२ मायक्रोमीटर सरकेल. ६० पट लेन्स आणि ६.५ मायक्रोमीटर पिक्सेलचा कॅमेरा असेल, तर चित्रातला एक पिक्सेल ०.१०८ मायक्रोमीटरचा. म्हणजे मणी जवळजवळ दोन पिक्सेल हलला. हे आरामात मोजता येतं. तीच पेशी ४० किलोपास्कलच्या जेलवर ठेवली, तर मणी फार तर २४ नॅनोमीटर हलेल, म्हणजे पाव पिक्सेलहून कमी. चांगल्या मांडणीतही ०.१ ते ०.२ पिक्सेलचा गोंगाट, म्हणजे मोजमापातली भटकती चूक, असतोच. त्या कडक जेलवरचा नकाशा म्हणजे अर्धाअधिक गोंगाटच.

फायब्रोब्लास्टसाठी ३ ते १० किलोपास्कल हा सोयीचा पट्टा आहे. केराटोसाइटसाठी १ ते २ किलोपास्कलपासून सुरुवात करा. फार मऊ जेल घेतलं तर पेशी गोल होऊन बसते, नीट पसरत नाही आणि सरकतही नाही.

लेन्सचाही विचार आत्ताच करा. ऑइल लेन्सना काचेपलीकडे खोलवर पाहायला जागा कमी असते, आणि जेलमधून पाहताना मण्यांची चित्रं पसरट होतात. वॉटर इमर्शन लेन्स मिळत असेल तर तीच घ्या.

तपासा: अपेक्षित सरकणं कमीत कमी एका पिक्सेलएवढं येतं का? येत नसेल तर जेल मऊ करा किंवा लेन्स बदला. पुढे गणितातून ते भरून निघत नाही.

## टप्पा २: काच तयार करणं

जेल खालच्या काचेला घट्ट बसलं पाहिजे आणि वरच्या काचेपासून अलगद सुटलं पाहिजे. म्हणून दोन्ही काचांवर वेगवेगळी प्रक्रिया करायची. दोन्ही एकाच ट्रेमध्ये ठेवून अदलाबदल होणं ही अगदी नेहमीची गंमत आहे. वरच्या काचांचा डबा वेगळा ठेवा आणि त्यावर मार्करनं मोठ्ठं लिहा.

खालची काच: तळाला २० मिलिमीटरची काच असलेली ३५ मिलिमीटरची डिश घ्या.

१. ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडनं काच धुऊन वाळवा.

२. अमिनोसिलेनचा पातळ थर द्या, पाच मिनिटं ठेवा.

३. डिस्टिल्ड पाण्यानं धुवा. परत धुवा. आणखी एकदा धुवा, दरवेळी पाणी पाच-दहा मिनिटं राहू देऊन.

४. ०.५ टक्के ग्लुटारल्डिहाइड अर्धा तास. हे काम हूडमध्येच.

५. पुन्हा धुवा, वाळवा, धूळ लागू न देता झाकून ठेवा.

तिसऱ्या पायरीत घाई झाली तर ती चौथ्या पायरीत उघडी पडते. उरलेलं सिलेन ग्लुटारल्डिहाइडला भेटलं की काचेवर नारिंगी-तपकिरी डाग उठतात. हे डाग फ्लुओरेसन्समध्ये चमकतात आणि मण्यांच्या चित्रात ढगासारखे दिसतात. अशी डिश वाचवायच्या भानगडीत पडू नका, टाकून द्या.

वरची काच: १८ मिलिमीटरची गोल कव्हरस्लिप. तिला पाणी झिडकारणारं सिलेन लावून पुसून घ्या. पाण्याचा थेंब तिच्यावर पसरट न होता गोळीसारखा उभा राहिला की काच तयार.

## टप्पा ३: जेल ओतणं

अ‍ॅक्रिलामाइडचं घट्ट जेल निरुपद्रवी असतं, पण न जमलेलं द्रावण मज्जासंस्थेला घातक आहे आणि ते कातडीतून शोषलं जातं. पावडर तोलत बसण्यापेक्षा तयार ४० टक्के द्रावण वापरा. हातमोज्याला थेंब लागला तर हातमोजा लगेच बदला.

५ टक्के अ‍ॅक्रिलामाइड आणि ०.१५ टक्के बिस-अ‍ॅक्रिलामाइड या मिश्रणाचा मॉड्युलस त्से आणि एंगलर यांच्या २०१० सालच्या, सर्रास वापरल्या जाणाऱ्या तक्त्यात सुमारे ४.५ किलोपास्कल दिला आहे. १ मिलिलिटरसाठी प्रमाण असं:

- ४० टक्के अ‍ॅक्रिलामाइड: १२५ मायक्रोलिटर
- २ टक्के बिस-अ‍ॅक्रिलामाइड: ७५ मायक्रोलिटर
- पीबीएस (फॉस्फेटचं खारट बफर द्रावण): ७७९ मायक्रोलिटर
- ०.२ मायक्रोमीटरचे मणी, २ टक्के द्रावण: १० मायक्रोलिटर
- १० टक्के एपीएस (अमोनियम परसल्फेट, जेल जमायला सुरुवात करून देणारं): १० मायक्रोलिटर
- टेमेड (जमण्याचा वेग वाढवणारं): १ मायक्रोलिटर

क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्या तीन गोष्टी एकत्र करून व्हॅक्युममध्ये १५ ते २० मिनिटं हवा काढून घ्या. विरघळलेला ऑक्सिजन जेल जमू देत नाही, किंवा अर्धवट जमू देतो. अर्धवट जमलेलं जास्त वाईट, कारण दिसायला ते ठीकच दिसतं. मण्यांची बाटली सॉनिकेटरच्या (ध्वनिलहरींनी हलवणाऱ्या यंत्राच्या) पाण्यात दोन-चार मिनिटं धरा, नाहीतर मणी गुच्छ करून बसतात. मग मणी, मग एपीएस, आणि सगळ्यात शेवटी टेमेड. टेमेड पडलं की घड्याळ सुरू झालं असं समजा. पिपेटनं हलक्या हातानं ढवळा, बुडबुडे नकोत. मण्यांचा रंग शक्यतो लाल किंवा त्यापलीकडचा घ्या, म्हणजे प्रकाशाचा त्रास पेशीला कमी होतो.

एपीएस ताजं करा. पावसाळ्यात ही सूचना दुप्पट महत्त्वाची, कारण उघड्या बाटलीतली पावडर ओल धरते आणि तिचा जोर उतरतो. महिन्याभरापूर्वीच्या द्रावणानं केलेलं जेल एक दिवस वीस मिनिटांत जमतं आणि दुसऱ्या दिवशी तासाभरात. मग दोन दिवसांच्या जेलचा कडकपणा सारखा कसा राहणार?

डिशच्या मध्यभागी १५ मायक्रोलिटर मिश्रण सोडा आणि वरची काच एका कडेनं टेकवत अलगद खाली आणा. १८ मिलिमीटरच्या काचेखाली एवढ्या मिश्रणाचा थर साधारण ६० मायक्रोमीटर जाडीचा होतो, नंतर पाणी पिऊन थोडा फुगतो. याहून फार पातळ करू नका. पातळ सतरंजीवर बसलं की खालची फरशी जाणवते, तशी पेशीला खालची काच जाणवते. शिवाय नेहमीचं गणित जेल अमर्याद खोल आहे असं धरून चालतं. ३० मायक्रोमीटरच्या खाली तर जाऊच नका.

काच टेकवली की लगेच डिश उलटी करा आणि तशीच जमू द्या. मणी वजनानं खाली, म्हणजे जेलच्या वरच्या पृष्ठभागाकडे, गोळा होतात. पेशीला जवळचे मणी हवे असतात. ३० ते ४५ मिनिटं थांबा. ट्यूबमध्ये उरलेलं मिश्रण शेजारीच ठेवा. ते घट्ट झालं की डिशमधलंही झालं असेल असा अंदाज बांधता येतो.

आता वरची काच काढायची. डिशमध्ये आधी पीबीएस भरा आणि दहा मिनिटं जाऊ द्या. मग ब्लेडचं टोक काचेच्या कडेखाली घाला आणि मनगट न उचलता नुसतं किंचित फिरवा. काच एका बाजूनं सुटून आत पाणी शिरताना दिसतं, पाण्याची ती रेघ हळूहळू पलीकडे जाते. रेघ पलीकडच्या कडेला पोचेपर्यंत थांबा, मगच चिमट्यानं काच उचला. कोरड्यात उचललेल्या काचेबरोबर जेलचा वरचा पापुद्रा येतो, आणि मणी नेमके त्याच पापुद्र्यात असतात.

तपासा: मायक्रोस्कोपखाली मण्यांचा थर बघा. एका चौरस मायक्रोमीटरला अर्धा मणी, म्हणजे ३२ बाय ३२ पिक्सेलच्या चौकोनात पाच-सहा मणी तरी दिसायला हवेत. चिरा, सुरकुत्या, मण्यांचे गोळे असतील तर ती डिश इथेच बाद.

## टप्पा ४: कडकपणा स्वतः मोजा

गणितात जेलचा मॉड्युलस सरळ गुणला जातो. जेल खरं ३ किलोपास्कल असेल आणि तुम्ही तक्त्यातला ४.५ टाकला, तर प्रत्येक पेशीची ओढ दीडपट येईल. पीबीएस बदललं, अ‍ॅक्रिलामाइडचा लॉट बदलला, एपीएस शिळं झालं, की तक्त्यातला आकडा तुमच्या जेलचा राहत नाही. लोक तक्ता कॉपी करून मोकळे होतात, आणि दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नाहीत म्हटलं की जीवशास्त्राला दोष देतात.

एएफएम (बारीक सुईनं दाबून कडकपणा मोजणारा मायक्रोस्कोप) हाताशी असेल तर उत्तमच. मोजमाप जेल फुगल्यानंतर, ३७ अंशांवर, पाण्यातच करायचं. रिओमीटरही चालतो, पण तो शिअर मॉड्युलस (आडव्या घसरणीला होणारा विरोध) देतो आणि सॉफ्टवेअर यंग मॉड्युलस मागतं. या दोघांत जवळजवळ तिपटीचा फरक आहे. पॉलिअ‍ॅक्रिलामाइडचा पॉयसन गुणांक (ताणल्यावर आडवं किती आकसतं त्याचं प्रमाण) ०.४५ ते ०.५ च्या दरम्यान धरतात, ०.५ धरला तर शिअरच्या आकड्याला बरोबर तीननं गुणायचं. ही चूक छापून आलेल्या लेखांतही सापडते.

दोन्ही यंत्रं नसतील तर पोलादी गोळीची जुनी युक्ती आहे. ०.६४ मिलिमीटर व्यासाची गोळी जेलवर अलगद ठेवायची आणि ती पृष्ठभागात किती रुतली ते फोकस वर-खाली करून मोजायचं. गोळीच्या वजनातून पाण्याचा तरंगदाब वजा करून हर्ट्झचं सूत्र लावायचं. ४.५ किलोपास्कलच्या जेलमध्ये ती सुमारे १६ मायक्रोमीटर रुतते.

इशारा: ही चाचणी प्रयोगाच्या ६० मायक्रोमीटर जेलवर करू नका. गोळीचा टेकलेला भागच त्याहून रुंद असतो, त्यामुळे खालची काच वर ढकलते आणि जेल खोटं कडक भासतं. त्याच मिश्रणाचं १ मिलिमीटर जाडीचं वेगळं जेल त्याच दिवशी ओता आणि गोळी त्यावर ठेवा.

## टप्पा ५: प्रथिनाचा थर

नुसत्या पॉलिअ‍ॅक्रिलामाइडला पेशी चिकटत नाही. त्याचा फायदाही आहे: पेशी जिथे धरून आहे तिथे तुम्हीच लावलेलं प्रथिन असणार.

सल्फो-सॅनपा हे दोन हातांचं रसायन आहे. एक हात अतिनील प्रकाशात जेलला धरतो, दुसरा प्रथिनाला. हा दुसरा हात पाण्यात वेगानं निकामी होतो. म्हणून डीएमएसओ या द्रावकातले छोटे वाटे उणे ८० अंशांवर ठेवा आणि पाण्यात मिसळलं की लगेच वापरा. "जरा चहा घेऊन येतो" ही सवड या पायरीत नाही.

१. जेलवरचं पाणी काढून घ्या, जेल मात्र कोरडं पडू देऊ नका.

२. ५० मिलिमोलर हेपीस बफर, पीएच ८.५, त्यात ०.२ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर सल्फो-सॅनपा. २०० मायक्रोलिटर जेलवर पसरा.

३. ३६५ नॅनोमीटरच्या दिव्याखाली ५ ते १० मिनिटं. शेंदरी द्रावण गडद तपकिरी झालं पाहिजे. रंग बदलला नाही तर दिवा जुना आहे, लांब आहे किंवा चुकीच्या तरंगलांबीचा आहे. हूडमधला जंतुनाशक दिवा २५४ नॅनोमीटरचा असतो. त्यावर विसंबून पुष्कळ डिश वाया जातात.

४. हेपीसनं दोन-तीनदा धुवा.

५. फायब्रोनेक्टिन (पेशी ज्याला धरते ते प्रथिन) १० ते ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, ४ अंशांवर रात्रभर.

६. पीबीएसनं धुवा, हूडमध्ये निर्जंतुक करून घ्या, आणि पेशी टाकण्याआधी तासभर ३७ अंशांच्या मीडियात (पेशींच्या पोषक द्रावणात) भिजू द्या.

तपासा: प्रत्येक नव्या बॅचमधली एक डिश बळी द्या. फायब्रोनेक्टिनच्या अँटिबॉडीनं रंगवून थर एकसारखा आहे का पाहा. ठिपक्याठिपक्यांचा थर असेल तर पेशी ठिपक्यांवरच धरते आणि ओढीचा नकाशा पेशीचा न राहता तुमच्या कोटिंगचा होतो. वेगवेगळ्या कडकपणाच्या जेलची तुलना करणार असाल, तर सगळ्यांवर प्रथिन सारखंच बसलं आहे हे दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा ६: पेशी टाकणं

इथे एकच गोष्ट सांभाळायची: विरळ टाका. एका डिशला काही हजार पेशी पुरेत. ज्या पेशीचं चित्र घ्यायचं तिच्या चहूबाजूंना निदान दोन पेशींच्या लांबीएवढं मोकळं जेल हवं, कारण शेजारणीची ओढ तुमच्या चौकटीत शिरते आणि गणिताला ती वेगळी काढता येत नाही. फायब्रोब्लास्टना चिकटून पसरायला ४ ते ६ तास द्या. पेशींची पिढी लिहून ठेवा. पुण्याच्या एनसीसीएसच्या पेशीसंग्रहातून किंवा आणखी कुठून मागवलेली नवी कुपी असेल, तर दोन-तीन पॅसेज (नव्या डिशमध्ये घालून पुन्हा वाढवणं) झाल्यावरच प्रयोगाला घ्या.

## टप्पा ७: मायक्रोस्कोपवर

स्टेज, लेन्स आणि बंदिस्त पेटी ३७ अंशांवर आणून दोन-तीन तास तरी राहू द्या. धातू तापताना प्रसरण पावतो आणि फोकस तासभर सरकत राहतो. एसीचा झोत थेट स्टेजवर येत असेल तर झोताची दिशा बदला. कॉम्प्रेसर चालू-बंद होण्याच्या तालात फोकस वर-खाली होताना स्पष्ट दिसतो.

डिश स्टेजवर पक्की बसवा, चारी बाजूंनी दाबून पाहा. पुढे औषध किंवा ट्रिप्सिन (पेशी सोडवणारं एन्झाइम) घालायचं आहे, तेव्हा झाकण उघडावं लागू नये म्हणून आत्ताच झाकणाला भोक पाडून बारीक नळी बसवा आणि तिचं दुसरं टोक सिरिंजला जोडा. ही नळी नसेल तर पुढचा टप्पा नशिबावर.

वेळेचं अंतर पेशीच्या वेगावर ठरवा. फायब्रोब्लास्ट तासाला काही दहा मायक्रोमीटर सरकते, तिला दर २ ते ५ मिनिटांनी एक चित्र पुरतं. केराटोसाइट मिनिटाला १० मायक्रोमीटरहून जास्त धावते, तिला दर ५ ते १० सेकंदांनी. दरवेळी आधी मण्यांचं चित्र, लगेच पेशीचं. फोकस जेलच्या वरच्या मण्यांवर ठेवा. पेशी जराशी धूसर दिसली तरी चालेल.

कॅमेऱ्याचं बिनिंग, म्हणजे शेजारचे पिक्सेल एकत्र धरणं, तपासा. २ बाय २ बिनिंगमध्ये पिक्सेल दुप्पट मोठा होतो, आणि सॉफ्टवेअरला जुनाच आकडा दिला तर सगळी सरकणी निम्मी मोजली जातात. फाइलच्या नावात लेन्स आणि बिनिंग दोन्ही लिहा.

## टप्पा ८: संदर्भचित्र

सगळ्या प्रयोगात सर्वांत जास्त डिश इथे मरतात. पेशी काढून टाकल्यावर जेल मूळ स्थितीत जातं, त्या वेळचं मण्यांचं चित्र म्हणजे संदर्भ. त्याच्याशी आधीचं प्रत्येक चित्र ताडून पाहायचं असतं. हे चित्र बिघडलं की आधीच्या चार तासांच्या चित्रीकरणाचा काही उपयोग नाही.

पेशी काढायला ट्रिप्सिन वापरायचं ठरवलं असेल, तर मीडियातला सीरम त्याला निष्प्रभ करतो हे लक्षात ठेवा. सीरम काढायचा म्हणजे डिश धुवायची, आणि धुताना डिश हलणार. दुसऱ्या प्रयोगासाठी पेशी जिवंत नको असतील, तर १ टक्का एसडीएस (पेशी विरघळवणारा डिटर्जंट) थेट नळीतून सोडणं सोपं पडतं. त्याला सीरमची पर्वा नसते.

१. शेवटचं चित्र घेतल्यावर काहीही न हलवता दोन-तीन चित्रं आणखी घ्या. प्रवाहाचा, म्हणजे सगळं चित्र आपोआप सरकत राहण्याचा, वेग यातून कळतो.

२. ३७ अंशांवर गरम केलेलं द्रावण सिरिंजनं हळू सोडा. गार द्रावणानं फोकस उडी मारतो आणि जेलही किंचित आकसतं.

३. पेशीकडे बघत राहा. आधी कडा आत येतात, मग ती गोल होते, आणि त्याच वेळी मण्यांच्या चित्रात कडेखालचे मणी टचकन बाहेरच्या बाजूला परततात. हे डोळ्यांना दिसलं पाहिजे. दिसलं नाही, तर त्या पेशीची ओढ तुमच्या मापाच्या टप्प्यात नव्हती.

४. पेशी पूर्ण सुटली आहे याची फेज चित्रात खात्री करा. एक शेपूट जरी चिकटून राहिली तरी तिथलं जेल ओढलेलंच असतं.

५. दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग फोकसच्या वर-खाली ३ मायक्रोमीटरपर्यंत, ०.२ ते ०.३ मायक्रोमीटरच्या पावलांनी चित्रांची थप्पी घ्या. आधीच्या चित्राशी सर्वांत जुळणारी पातळी नंतर निवडता येते. एकच चित्र घेऊन थांबणं हे कंजूषपणाचं काम आहे आणि ते महागात पडतं.

अनेक जागा एकाच डिशमध्ये घेत असाल तर स्टेज प्रत्येक जागी परत येताना थोडी चुकते. ती चूक पुढे दुरुस्त होते, पण चौकटीत पुरेसं मोकळं जेल असेल तरच. केराटोसाइटच्या बाबतीत एक सवलत आहे: पेशी चौकट सोडून पुढे निघून गेली की मागची जागा आपोआप मोकळी होते, तेच चित्र संदर्भ म्हणून वापरता येतं.

## टप्पा ९: चित्रावरून बळ

प्रवाह काढून टाका. पेशीपासून लांबच्या, मोकळ्या जेलमधल्या मण्यांवरून दोन चित्रं जुळवा. पूर्ण चौकटीवरून जुळवलं तर पेशीखालचं खरं सरकणंही जुळवणीत गिळलं जातं.

सरकणं मोजा. इमेजजे या चित्रविश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमधलं पीआयव्ही (दोन चित्रांतले चौकोन जुळवून सरकणं काढणारं) प्लगइन सुरुवातीला पुरेसं आहे. मोठ्या चौकोनापासून लहानाकडे या: ६४, मग ३२ पिक्सेल. १६ वर जायचा मोह होतो, कारण नकाशा बारीक दिसतो; पण एका चौकोनात एक-दोनच मणी उरले तर सरकणं दाखवणारे बाण कुठेही फिरतात. शेजाऱ्यांशी पूर्ण विसंगत बाण गाळा, आणि किती गाळले ते लिहा. शंभरात पाचाहून जास्त गाळावे लागत असतील तर दोष चित्रात आहे.

क्रम नीट द्या. संदर्भ आधी, ओढलेलं जेल नंतर. उलट दिलं तर पेशी जेलला बाहेर ढकलते आहे असा नकाशा येतो. सरकत्या पेशीचे बाण कडांवरून आत, मध्याकडे असले पाहिजेत.

बळ काढा. फूरिए पद्धत, म्हणजे एफटीटीसी, २००२ पासून सर्वत्र चालते आणि वेगवान आहे. तिची एक अट आहे: चौकटीच्या कडांवर सरकणं गोंगाटाइतकं उतरलेलं असावं. पेशी कडेला चिकटून असेल तर पलीकडच्या कडेवर खोटी ओढ उगवते.

आता येतो लॅम्डा, म्हणजे गोंगाट दाबणारा घटक. तो शून्याजवळ ठेवला तर नकाशाभर काटे उभे राहतात. फार मोठा घेतला तर सगळं सपाट होऊन ओढ निम्मी-पाव होते. एका पेशीसाठी डोळ्यांना बरा वाटेल असा आणि दुसरीसाठी वेगळा, असं करून केलेली तुलना निरर्थक आहे. मोकळ्या जेलवरचा गोंगाट मोजून किंवा एल-वक्राचा (जुळणीतली चूक विरुद्ध ओढीचा आकार या आलेखाचा) कोपरा पाहून एक लॅम्डा ठरवा आणि तुलनेतल्या सगळ्या पेशींना तोच लावा.

## टप्पा १०: आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी

शून्य चाचणी. पेशी काढल्यानंतरची दोन संदर्भचित्रं घ्या आणि त्यांच्यावर संपूर्ण गणित चालवा. ओढ शून्य यायला हवी. जी काही येईल तो तुमचा गोंगाट. प्रत्येक आलेखात हा आकडा आडव्या रेघेनं दाखवा.

बेरीज चाचणी. पेशीचं वस्तुमान आणि वेग पाहता जडत्व नगण्य असतं, म्हणून सगळ्या बाणांची सदिश बेरीज जवळजवळ शून्य व्हायला हवी. बाणांच्या लांबींच्या साध्या बेरजेच्या दहा टक्क्यांहून ती जास्त येत असेल तर प्रवाह नीट निघालेला नाही, किंवा पेशीचा काही भाग चौकटीबाहेर आहे.

औषध चाचणी. वाय-२७६३२ (पेशीचं आकुंचन रोखणारं औषध), १० मायक्रोमोलर, अर्धा तास. ओढ ठळकपणे उतरली पाहिजे. ब्लेबिस्टॅटिनही चालतं, पण निळ्या प्रकाशात ते बिघडतं आणि पेशीला विषारी होतं; हिरव्या रंगाच्या प्रथिनाचं चित्र सोबत घेत असाल तर ते टाळा.

नकाशाचं रूप. फायब्रोब्लास्टमध्ये सर्वांत जोरदार ओढ पुढच्या कडेच्या जरा मागे दिसते. केराटोसाइटमध्ये मात्र दोन्ही बाजूंच्या पंखांखाली, चालण्याच्या दिशेला आडवी. पहिल्यांदा केराटोसाइट करणारे हे पाहून चित्र ९० अंशांत फिरलं की काय म्हणून फाइली तपासत बसतात; ते तसंच असतं.

आकाराचा अंदाज. फायब्रोब्लास्टखाली शेकडो पास्कल, चिकटबिंदूंवर काही हजार. बालाबान आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये एका चिकटबिंदूवर, म्हणजे फोकल अ‍ॅडहिजनवर मोजलेली ओढ सुमारे ५.५ नॅनोन्यूटन प्रति चौरस मायक्रोमीटर, म्हणजेच ५.५ किलोपास्कल होती. तुमच्या नकाशात पन्नास किलोपास्कल येत असतील तर आधी पिक्सेलचं माप आणि मॉड्युलसचं एकक बघा, मग शोधाचा आनंद करा.

सांगताना कमाल ओढ सांगू नका. ती एका बाणावर ठरते आणि लॅम्डा जरा हलला की बदलते. पेशीखालची सरासरी ओढ, एकूण बळ आणि जेलमध्ये साठलेली ताणऊर्जा द्या. पेशीची बाह्यरेषा काही मायक्रोमीटर बाहेर वाढवून तेवढ्यातच बेरीज करा. किती वाढवली ते सगळ्या पेशींना सारखं ठेवा. आणि एकाच डिशमधल्या वीस पेशी म्हणजे वीस स्वतंत्र प्रयोग नव्हेत. वेगळ्या दिवशी, वेगळ्या जेलवर पुन्हा केलेलं तेवढं मोजा.

कच्ची चित्रं, संदर्भाची पूर्ण थप्पी, मोजलेला मॉड्युलस, जेलची जाडी, लॅम्डा, चौकोनाचं माप आणि गाळलेल्या बाणांची संख्या एकाच फोल्डरमध्ये ठेवा. समीक्षक लॅम्डा बदलून पुन्हा गणित करायला सांगतात, आणि तेव्हा नुसते रंगीत नकाशे हाताशी असून काही कामाचे नसतात.